ओत्रांतोची फरशी: चर्चमधलं झाड मुळापासून शेंड्यापर्यंत कसं पाहावं

ओत्रांतोला दुपारी एक वाजता पोचू नका. मी पोचले होते. कॅथेड्रलचं दार बंद, पायरीवर एक मांजर झोपलेलं आणि चौकात चुन्याच्या दगडावरून परतणारं डोळे दिपवणारं ऊन. दक्षिण इटलीतली बहुतेक चर्चं दुपारी चक्क झाकलेली असतात, पुण्यातल्या जुन्या दुकानांसारखी. सकाळी लवकर उघडतात, बाराच्या सुमाराला बंद होतात आणि तीन-साडेतीनला पुन्हा उघडतात. हिवाळ्यात संध्याकाळी लवकर मिटतात, उन्हाळ्यात जरा उशिरा. नेमक्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून जायच्या आदल्या दिवशी खात्री करून घ्या आणि सकाळचीच वेळ धरा. या लेखातली एकच सूचना पाळणार असाल, तर ही पाळा.

आता हे गाव कुठे आणि तिथे एवढं काय, ते सांगते. इटलीच्या बुटाची टाच म्हणजे पुल्या प्रांताचा सालेन्तो भाग, आणि त्या टाचेच्या पूर्व कडेवर ओत्रांतो. इटलीतलं हे सगळ्यात पूर्वेचं गाव. समोर ओत्रांतोची सामुद्रधुनी आणि पलीकडे अल्बानिया. हवा स्वच्छ असेल तर तटावरून तिकडचे डोंगर दिसतात. जागा अशी मोक्याची असल्यामुळे ग्रीक, रोमन, बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचे लोक), उत्तर फ्रान्सकडून आलेले नॉर्मन, तुर्क असे सगळे येऊन गेले. सांता मारिया आनुन्झियाता हे इथलं कॅथेड्रल नॉर्मन काळात बांधलं गेलं आणि 1088 साली त्याचा अभिषेक झाला. पण लोक इथे भिंती किंवा घुमट बघायला येत नाहीत, फरशी बघायला येतात. 1163 ते 1165 या काळात पान्तालेओने नावाच्या धर्मगुरूने दगडाच्या बारीक तुकड्यांनी इथली जमीन मढवली. दारापासून वेदीपर्यंत एक अख्खं झाड आडवं पसरलेलं आहे आणि त्याच्या फांद्यांवर सगळं जग बसवलेलं आहे.

बहुतेक पर्यटक आत येतात, फोन वर धरून एक फोटो काढतात, "वा, मोझेक!" म्हणतात आणि सात मिनिटांत बाहेर पडतात. दोष त्यांचा नाही. फरशी कशी वाचायची हे कुणी सांगत नाही आणि बाकांच्या रांगा व दोऱ्या यांच्यामधून ती तुकड्यातुकड्यांनीच दिसते. क्रम ठाऊक असेल तर याच जागेत दीड तास सहज जातो.

कसं पोचायचं

व्हिसाबद्दल थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो आणि प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा हवा. फक्त ओत्रांतोसाठी कुणी इटलीला जाणार नाही. रोम किंवा बारीपर्यंत येणार असाल तर पुढे दोन-तीन दिवस सालेन्तोसाठी काढा, एवढंच माझं म्हणणं.

जवळचा विमानतळ ब्रिन्दिसी. तिथून लेच्चे शहर बसने किंवा गाडीने तासाभराच्या आत येतं. रोमहून लेच्चेला थेट वेगवान रेल्वे आहे, साडेपाच तासांच्या आसपास लागतात. मुक्काम लेच्चेत ठेवा. ते शहर स्वतःच बघण्यासारखं आहे आणि राहायला ओत्रांतोपेक्षा स्वस्त पडतं, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये.

लेच्चे ते ओत्रांतो अंतर साधारण 45 किलोमीटर. 'फेर्रोव्हिए देल सुद एस्त' ही प्रादेशिक रेल्वे जाते, पण बहुतेक वेळा मालिये इथे गाडी बदलावी लागते. ही रेल्वे म्हणजे आपल्या नॅरोगेजच्या आठवणी जागवणारं प्रकरण आहे. ऑलिव्हच्या बागांमधून ती निवांत चालते आणि घाई असणाऱ्याला रडवते. रविवारी आणि सणाच्या दिवशी वेळापत्रक वेगळं असतं, काही फेऱ्यांऐवजी बस सोडतात. म्हणून शक्यतो रविवार टाळा. (रविवारी सकाळी प्रार्थनाही असतात, म्हणजे तो दिवस दोन्ही अंगांनी गैरसोयीचा.) उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्यांसाठी जादा बस धावतात, त्या सोयीच्या आहेत. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या मशीनमध्ये त्यावर शिक्का उमटवून घ्यायला विसरू नका. तिकीट आहे पण शिक्का नाही, तरी दंड होतो.

स्वतः गाडी चालवणार असाल तर भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना हवा. जुन्या गावात गाडी नेऊ नका. गावच्या तोंडाशी 'झेड-टी-एल' अशी रोमन अक्षरांतली पाटी दिसली की पुढे फक्त रहिवाशांना प्रवेश. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र महिन्यांनी भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत तुमच्यापर्यंत पोचतं. रस्त्यावरच्या निळ्या रेघा म्हणजे पैसे भरून पार्किंग, पांढऱ्या म्हणजे फुकट. उन्हाळ्यात पांढरी रेघ रिकामी मिळाली तर लॉटरीचं तिकीटही काढा.

स्टेशन गावाच्या वरच्या अंगाला आहे. उताराने समुद्राकडे चालत निघालं की पंधरा-वीस मिनिटांत तट लागतो. दोन जाडजूड बुरुजांमधली पोर्ता आल्फोन्सिना ओलांडली की आपण जुन्या गावात. दुकानांच्या गल्लीतून डावी-उजवीकडे रेंगाळायचा मोह होईल. तो परतीसाठी राखून ठेवा आणि चढाच्या गल्लीने थेट पियात्सा बाझिलिकात या.

आत शिरण्यापूर्वी

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, स्त्री असो वा पुरुष. किनाऱ्यावरचं गाव असल्यामुळे लोक पोहून थेट इकडे येतात आणि दारातून परत फिरतात. पिशवीत एक ओढणी असली की काम भागतं. वसईच्या किंवा जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये आपण जे पाळतो तेच इथे: टोपी काढायची, फोन गप्प ठेवायचा, प्रार्थना चालू असेल तर मागे थांबायचं. हे संग्रहालय नाही, इथे रोज लोक प्रार्थना करतात. दारावरच्या वेळापत्रकात 'मेस्सा' या शब्दापुढे जी वेळ असेल, ती टाळून या.

बूट रबरी तळाचे घाला. या गावातल्या गल्ल्यांचे दगड शतकानुशतकं पायांनी घासून आरशासारखे झालेत, पाऊस पडला की घसरगुंडी. आणखी एक वस्तू जरूर न्या: छोटी दुर्बीण. जमिनीवरचं चित्र बघायला दुर्बीण म्हणजे गंमत वाटेल, पण दोरीपलीकडचा वीस-पंचवीस फुटांवरचा भाग तिच्याशिवाय कळत नाही. फोनचा झूम चालतो. फ्लॅश मात्र चालत नाही.

बाहेरून दोनच गोष्टी बघा. दर्शनी भिंतीवरची गोल जाळीदार खिडकी 16 आऱ्यांची आहे. ती 1481 नंतरची. का, ते पुढे येईल. आणि दाराची भरगच्च नक्षी 17व्या शतकातली, बारोक थाटाची. साध्या नॉर्मन भिंतीवर ती उपरी वाटते. मला तरी वाटली.

फरशी: बुंध्यापासून सुरुवात

मुख्य दारापाशी उभे राहा. इमारत 54 मीटर लांब आणि 25 मीटर रुंद आहे. वर कोरीव लाकडी छत आहे, ते नंतर बघू. आधी मान खाली.

पायांपुढे दोन हत्ती दिसतील. झाडाचा बुंधा त्यांच्या पाठींवर उभा आहे. पृथ्वी पेलणारे अष्टदिग्गज लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला इथे क्षणभर घरी आल्यासारखं वाटतं. फरक इतकाच की आपले आठ, यांचे दोन. कलाकाराने प्रत्यक्ष हत्ती पाहिला होता का, याची मला शंका आहे. तुम्ही स्वतः निरखून ठरवा. हत्ती ओळखण्यात आपण इथल्या बहुतेक प्रेक्षकांपेक्षा जास्त अधिकारी आहोत.

बुंध्याच्या दोन्ही अंगांना सरकत पुढे जा. एका अंगाला मुकुटधारी माणूस दोन पंखवाल्या प्राण्यांच्या मध्ये बसलाय, शेजारी नाव लिहिलंय: राजा अलेक्झांडर. म्हणजे आपला सिकंदर, बियास नदीपर्यंत येऊन परत फिरलेला. मध्ययुगीन युरोपात त्याच्या दंतकथांचं पेव फुटलं होतं. त्यातली एक अशी: जग जिंकून झाल्यावर त्याला आकाश बघायचं होतं, म्हणून त्याने गरुड-सिंहाच्या जातीचे दोन भुकेले प्राणी जुंपले आणि त्यांच्या डोक्यावर मांसाचं आमिष धरलं. ते मांसासाठी वर झेपावत राहिले आणि राजा उडाला. दुसऱ्या अंगाला बघा, माणसं शिडी लावून मनोरा बांधताहेत. तो बायबलमधला, स्वर्गाला टेकवायला निघालेला बाबेलचा मनोरा. पान्तालेओनेने या दोघांना समोरासमोर का ठेवलं असेल हे कळायला धर्मशास्त्र लागत नाही. दोघेही निमंत्रण नसताना स्वर्गात घुसायला निघालेत.

त्यापुढे नोहाची गोष्ट: झाडं तोडणं, नौका बांधणं, पूर. मनूच्या नौकेची कथा ठाऊक असणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मग येतं ते माझं सगळ्यात आवडतं. बारा मोठी वर्तुळं, बारा महिने. प्रत्येकात त्या महिन्याचं काम करणारा माणूस आणि त्याच्याबरोबर रास. इथे मार्गदर्शकाची गरजच नाही, मेष, वृषभ, सिंह आपण वर्तमानपत्राच्या भविष्यातून ओळखतो. फक्त मकर शोधताना मगर शोधू नका. युरोपात मकर म्हणजे बोकड. कामं नीट बघा. जानेवारीत माणूस शेकोटीशी बसलाय. जूनमध्ये गव्हाची कापणी आणि जुलैत मळणी. आपण जूनमध्ये आभाळाकडे बघत पेरणीची तयारी करतो, ते जूनमध्ये पीक घरात आणतात. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून शेताचं चक्र उलटं. सप्टेंबरात द्राक्षं पायांनी तुडवणं आणि ऑक्टोबरात नांगरणी. पान्तालेओनेच्या काळी या चर्चमध्ये येणाऱ्या बहुतेकांना अक्षर वाचता येत नसे, पण हा पट प्रत्येकाला वाचता येत होता, कारण तो त्यांचाच होता. सिकंदरापाशी ते थबकले असतील, जुलैपाशी हसले असतील. इथे वीस मिनिटं द्या. बारापैकी निदान सहा महिने कुणाला न विचारता ओळखा, मग बाकीचे.

महिन्यांच्या पुढे गोष्ट काळवंडते. आदम आणि हव्वा बागेतून हाकलले जातात, केन आपल्या भावाला, आबेलला मारतो. आणि याच घोळक्यात अचानक बोकडासारख्या प्राण्यावर बसलेला एक राजा. नाव लिहिलंय: आर्थर. ब्रिटनच्या दंतकथांमधला तो राजा, इटलीच्या टाचेवर, 1165 साली, बायबलमधल्या खुनाच्या शेजारी. नॉर्मन लोक उत्तरेकडून येताना आपल्या गोष्टी बरोबर घेऊन आले, एवढं समजतं. पण तो बोकडावर का, आणि समोरचं मांजरासारखं जनावर त्याच्याशी काय करतंय, यावर अभ्यासकांची अजून जुंपते. तुमचा अंदाज तुम्ही बांधा.

वेदीच्या जवळ पुन्हा वर्तुळं, या वेळी 16. मधोमध सापासह आदम-हव्वा, दोन शेपट्यांची जलपरी, राजा सॉलोमन आणि त्याला भेटायला आलेली शेबाची राणी, एकशिंगी घोडा, उंट. या भागात सहसा जाऊ देत नाहीत, दुर्बीण इथेच काढा. त्याहीपलीकडे, अर्धगोलाकार कोनाड्यात, माशाच्या पोटात गेलेला योना आणि सिंहाशी झुंजणारा सॅमसन.

मधला पट्टा संपला म्हणून निघू नका. दोन्ही बाजूंच्या दालनांच्या टोकांना आणखी दोन लहान झाडं आहेत. डावीकडच्यावर शेवटचा न्याय आहे: एका अंगाला अब्राहम, इसाक आणि याकोब पुण्यवंतांना कुशीत घेऊन बसलेत, दुसऱ्या अंगाला नरक आणि सैतान. उजवीकडे पृथ्वीचा गोल पेलणारा माणूस आणि त्याच्याभोवती काय काय विचित्र प्राणी. मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी उजवीकडे सोडा.

आणि एक लेख चुकवू नका. लॅटिन अक्षरांच्या पट्टीत लिहिलंय की हे काम योनाथाच्या देणगीतून पान्तालेओनेच्या उजव्या हाताने झालं. योनाथा म्हणजे त्या वेळचा आर्चबिशप. पैसा कुणाचा आणि हात कुणाचा, दोन्ही नोंदवून ठेवलंय. आपल्याकडच्या कितीतरी देवळांवर दात्याचं नाव आहे आणि पाथरवटाचं नाही.

पान्तालेओने बहुधा गावाच्या दक्षिणेला असलेल्या सान निकोला दि कासोले या ग्रीक मठातला असावा असं मानतात. मठाचा ग्रंथसंग्रह प्रसिद्ध होता. ग्रीक कथा, लॅटिन अक्षरं, नॉर्मन राजा आणि पूर्वेकडचे प्राणी एकाच फरशीवर कसे आले, याचं अर्धं उत्तर त्या ग्रंथसंग्रहात असणार. 1480 साली मठ उद्ध्वस्त झाला.

उजवीकडचा कोनाडा

1480 आलंच आहे तर आता उजवीकडच्या कोनाड्यात चला. पण आधी मन तयार ठेवा आणि लहान मुलांना आणायचं का ते ठरवा. वेदीमागे काचेची सात मोठी कपाटं आहेत आणि त्यांत माणसांच्या कवट्या आणि हाडं रचून ठेवली आहेत.

28 जुलै 1480 रोजी गेदिक अहमद पाशाच्या नेतृत्वाखाली ऑटोमन तुर्कांचं आरमार इथे उतरलं. दोन आठवडे गाव लढलं आणि 11 ऑगस्टला पडलं. वृद्ध आर्चबिशप कॅथेड्रलमध्येच मारला गेला. 14 ऑगस्टला गावाबाहेरच्या मिनर्व्हा टेकडीवर आठशेहून अधिक पुरुषांचा शिरच्छेद झाला. पहिला होता आन्तोनियो प्रिमाल्दो, एक म्हातारा शिंपी. चर्चच्या परंपरेनुसार त्यांनी धर्म बदलायला नकार दिला म्हणून हे घडलं. काही इतिहासकार लढाई आणि दहशतीच्या राजकारणावर जास्त भर देतात. मेलेल्यांच्या संख्येने मात्र गाव रिकामं झालं, याबद्दल वाद नाही. पुढच्या वर्षी सुलतान दुसरा मेहमद वारला आणि सप्टेंबर 1481 मध्ये आरागॉनच्या आल्फोन्सोने ओत्रांतो परत घेतलं. बाहेरची जाळीदार खिडकी त्यानंतरच्या डागडुजीतली.

मधल्या वर्षभरात भिंतींवरची चित्रं गेली, पण फरशी वाचली. आठशे वर्षांच्या प्रार्थना, घोड्यांच्या टापा आणि आपल्यासारख्यांचे बूट सोसूनही.

12 मे 2013 रोजी पोप फ्रान्सिस यांनी या 813 जणांना संत घोषित केलं. त्यात एक विलक्षण योगायोग आहे. ज्या सभेत हा निर्णय पक्का झाला, 11 फेब्रुवारी 2013ची, त्याच सभेत पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी लॅटिनमध्ये आपण पद सोडत असल्याचं जाहीर केलं. ओत्रांतोची बातमी त्या दिवशी कुणाच्या लक्षातही आली नाही.

इथे फोटो काढायचा की नाही, हे तुमच्यावर. मी नाही काढला.

तळघर

बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरा. बरेच लोक हे चुकवतात, पण फरशी बघून शिणलेल्या डोळ्यांना इथेच विसावा मिळतो. कमी उंचीचं छत आणि त्याखाली खांबांचं रान, खांब-अर्धखांब मिळून 70हून अधिक. बहुतेक जुन्या, पडलेल्या इमारतींमधून उचलून आणलेले, म्हणून एकाचा दगड दुसऱ्यासारखा नाही. माथ्यांवरची नक्षी बघत सावकाश फिरा: कुठे पानं, कुठे पक्षी. मधल्या उभ्या रांगेच्या एका टोकाला उभं राहून तिरकं पाहिलं की खांब एकमेकांमागे सरकत जातात. वरच्या वेदीकडच्या भागाचा भार यांच्यावर आहे, म्हणजे झाडाच्या शेंड्याखालीही पेलणारे आहेतच.

बाहेर आल्यावर

वेळ असेल तर गल्लीतून वर सान पिएत्रोपर्यंत जा. मुठीएवढं बायझंटाइन चर्च, चार खांबांवर घुमट आणि आत फिकटलेली भित्तिचित्रं. ते कधी बंद असतं, कधी उघडं. उघडं मिळालं तर दहा मिनिटं पुरेत. किल्ला बाहेरून बघितला तरी चालेल, 1480 नंतर घाबरून बांधलेल्या तटबंदीची जाडी बाहेरूनच कळते.

खाण्याबद्दल शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवा. सालेन्तोची शान म्हणजे 'पास्तिचोत्तो', आत घट्ट कस्टर्ड भरलेली गरम गरम करंजीच जणू. पण पारंपरिक पद्धतीत तिच्या पिठात डुकराची चरबी घालतात. "चे स्त्रुत्तो?" म्हणजे "चरबी आहे का?" असं विचारा. काही बेकऱ्या लोण्यातही करतात. निर्धास्त खायचं तर 'फ्रिझेल्ला' मागवा: दोनदा भाजलेला कडक पाव पाण्यात बुडवून त्यावर टोमॅटो, मीठ, ऑलिव्ह तेल. 'फावे ए चिकोरिया' म्हणजे वालासारख्या दाण्यांचं वरण आणि कडसर पालेभाजी, हे तर आपल्या घरचंच जेवण वाटतं. उन्हात बर्फ आणि बदामाचं दूध घातलेली लेच्चेची कॉफी घ्या.

ऑगस्टच्या मध्यात, 14 तारखेच्या आसपास, हुतात्म्यांचा सण असतो. मिरवणूक बघायची असेल तर तेव्हा या. फरशी बघायची असेल तर तेव्हा अजिबात येऊ नका, पाऊल ठेवायला जागा नसते. मला विचाराल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. तेव्हा बाकांवर गर्दी नसते आणि चर्चचा सेवक निवांत असला तर बोलण्यातही रस घेतो.

परतीच्या शेवटच्या बसची किंवा गाडीची वेळ आल्या आल्याच टिपून ठेवा. संध्याकाळच्या फेऱ्या कमी असतात आणि टॅक्सी शोधणं जिकिरीचं. चुकलीच, तर तटाजवळच्या पेलास्जी बुरुजावर बसायला छान जागा आहे, आणि पहाटे इटलीत सूर्य सगळ्यात आधी याच बाजूला उगवतो.